लाल टेप
क्रांती चौकामागच्या गॅरेजात सोमनाथ मिस्त्रीनं बन्सीभाऊंच्या मोटारसायकलचा प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि किक मारली. ठिणगी पडेना. त्यानं प्लग बदलला, कॉइलही बदलली, तरी अंधारच. काल गाडी पाचोडहून येताना वाटेत बंद पडली आणि बन्सीभाऊंच्या पोरीची कंपनीतली मुलाखत हुकली. आता सीटखालच्या वायरचा जोड तेवढा बघायचा राहिला होता. "तिथं कशाला बघता? तो तर तुमच्याच हातचा हाय," बन्सीभाऊ म्हणाले. सोमनाथनं जोडावरची लाल टेप सोलली. जोड सुटला होता. महिन्यापूर्वी वीज गेली म्हणून त्यानं सोल्डरिंग न करताच तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळली होती. "काय निघालं, मिस्त्री?" टेप मुठीत दाबत सोमनाथ म्हणाला, "उंदरानं वायर कुरतडलीय." बन्सीभाऊंनी दस्तीनं घाम टिपला. "जाऊ द्या. एवढ्या दुष्काळात त्या बिचाऱ्यानं तरी खावं काय?"