उजवीकडे बघणारा

टारास दुकानात शिरला तेव्हा लॉर्नने स्वच्छच असलेला मग पुन्हा पुसायला घेतला.

मगावर तीन शिंगांचा डायनासोर होता. पिशव्यांवर, टोप्यांवर, मोज्यांवर, मोबाइलच्या कव्हरांवर, सगळीकडे तोच. हाडांच्या या दरीत अशी दुकानं रस्त्याला चिक्कार आहेत, पण बाकीच्यांचे डायनासोर डावीकडे बघतात. लॉर्नचा उजवीकडे बघतो, आणि लोकांना नेमका तोच हवा असतो. एकदा छापखान्याने चित्र उलटं छापलं, तर त्याच्या बायकोने, व्हर्नाने, दोनशे पिशव्या परत पाठवल्या. "हा आपला नव्हे," एवढंच म्हणाली.

शाळेतला वर्गमित्र टारास पन्नास वर्षांनी गावात आला होता. "ही माझी बायको," एवढ्यावरच लॉर्नने ओळख उरकली. व्हर्ना हसली आणि पुन्हा मालावर लावायच्या चिठ्ठ्या लिहायला बसली. तिच्या डाव्या करंगळीला नेहमीसारखी शाई लागली होती.

टारास एकेक पिशवी उलटून बघत होता. चित्राखालच्या लॉर्नच्या सहीवर त्याचं बोट थांबलं. लॉर्नने हातातला मग खाली ठेवला.

दोघं दहा वर्षांचे असताना नदीच्या दोन्ही काठांवरच्या शाळांना डायनासोरच्या हाडांचं उत्खनन बघायला नेलं होतं. पोरांनी तिथेच बसून चित्रं काढली. त्याच हिवाळ्यात कोळशाची खाण बंद पडली, टारासच्या वडिलांनी गाव सोडलं आणि टारासच्या रिकाम्या बाकात लॉर्नला हे चित्र सापडलं. त्यावर नाव नव्हतं. तो ते घरी घेऊन आला.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण पुढे नदीपलीकडच्या व्हर्नाची पहिली भेट झाली, तेव्हा हा शहाणा तेच चित्र छाती फुगवून तिला दाखवायला घेऊन गेला. ती बराच वेळ बघत राहिली. "खरंच तू काढलंस?" तिने विचारलं. लॉर्न हो म्हणाला. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. त्या एका 'हो'ची लॉर्नला आजही लाज वाटायची.

आज व्हर्नालाही ऐकू दे, असं त्याने ठरवलं. तिच्या मनातून उतरलो तर उतरलो.

"टारास, हे चित्र माझं नाही," तो म्हणाला. "तुझं आहे. तुझ्या बाकातून उचललं, वर सही ठोकली आणि जन्मभर त्यावर पोट भरलं. मला माफ कर."

व्हर्नाचं लिहिणं थांबलं.

टारासला आधी हसू आलं. मग तो शेजारच्या स्टुलावर बसला.

"लेका, पन्नास वर्षं हे ओझं वाहिलंस? मला साधी सरळ रेघ तरी मारता येत होती का? त्या दिवशी माझ्या शेजारी पलीकडच्या शाळेतली एक मुलगी बसली होती. तिचं ढापलं मी. डावखुरी होती, म्हणून तर हा उजवीकडे बघतोय. घरी जाताना बसमध्ये रडत होती बिचारी." त्याने पिशवीवरून हात फिरवला. "अजून वाईट वाटतं रे. भेटली तर पाय धरीन तिचे. नाव काय होतं बरं तिचं..."

"व्हर्ना," पेन खाली ठेवत ती म्हणाली.