ढगांतला ड्रॅगन

हवालदाराच्या दुसऱ्या थपडेसरशी पकडून आणलेल्या पोराचा ओठ फाटला आणि टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर रक्ताचे थेंब उडाले.

"जरा तुकड्यांपासून लांब मारा," सर म्हणाले. "तुटलेल्या कडेत रक्त मुरलं की निघता निघत नाही." मग त्यांची त्यांनाच लाज वाटली. "म्हणजे, मारूच नका त्याला."

इन्स्पेक्टर बाईंनी हात वर केला. हवालदार मागे सरकला.

शाळेत बाई सरांकडे चित्रकला शिकल्या होत्या. निवृत्त झाल्यावर सर फुटकी चिनी भांडी सांधू लागले. शहरात हे काम जाणणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून चौकीच्या मागच्या खोलीत त्यांच्यापुढे ही तुकड्यांची पेटी आली होती. परवा दुपारी जुन्या भांड्यांच्या एका संग्राहकाचा त्याच्याच दिवाणखान्यात खून झाला. शेजारी ही बरणी फुटून पडली होती, आणि प्रेताजवळ रक्ताने माखलेला त्याचा हा पुतण्या. आज संध्याकाळी त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवायचा होता. शाबीत झाला तर फाशी.

"ही बरणी तुम्ही आधी पाहिली होती, सर?"

"कुठून पाहणार? सहा महिने मी त्याच्या दारात गेलो नाही. आमचं फाटलं होतं."

"परवा सकाळीच आली," पुतण्या म्हणाला. "खोकं मीच उघडलं."

सरांनी चिमट्याने एक तुकडा उचलून जागेवर बसवला. "हे काय, सांगा पाहू?"

"वटवाघूळ," हवालदार म्हणाला. "अपशकुनी."

"ते भांडं घडवणाऱ्यांना विचारा. त्यांच्याकडे ते सुख घेऊन येतं. मोजा."

हवालदाराने बोट न लावता मोजली. "पाच."

"पाच वटवाघळं, पाच सुखं. दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचार. आणि पाचवं?"

"आयुष्य पुरं करून आलेलं शांत मरण," बाई म्हणाल्या.

"शाबास."

"म्हाताऱ्याला तेवढं एक काही मिळालं नाही," हवालदार पुटपुटला.

सर रंगात आले होते. खाली प्रवाहाविरुद्ध उसळणारा मासा होता. "हा धबधबा चढून गेला की ड्रॅगन होतो. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना असं चित्र भेट द्यायचे."

"मी नापास झालो तेव्हा काकांनी मला पट्ट्याने फोडलं," पुतण्या म्हणाला. "पाठीवर अजून वळ आहेत."

"मग काढलास सूड? सुरी कुठे टाकलीस?" हवालदाराने त्याचे केस धरून डोकं मागे ओढलं.

"सुरी नव्हती हो माझ्याकडे. काकांना राजवाड्यातली बरणी हवी होती. ड्रॅगनची नखं मोजली तर चारच भरली. फसवलं, फसवलं म्हणून ओरडायला लागले, हातोडा काढला. मला बापावरून शिव्या दिल्या. मी निघून गेलो. परत आलो तर बरणीचा चुरा, आणि काकांच्या गळ्यातून कारंजं उडतंय. मी दोन्ही हातांनी दाबून धरलं. बोटांमधून येतच होतं. गरम. पाय झाडत होते ते."

सरांनी चिमट्यातला तुकडा खाली ठेवला. चष्मा पुसला.

टेबलावर आता ड्रॅगनचं तोंड होतं, पाठ होती, शेपूट होतं. तीन पाय ढगांत दडलेले. चौथा ढगाबाहेर काढलेला, त्याच्या पंजाची जागा रिकामी. पेटीत अजून वाटीभर तुकडे होते.

बाईंनी कागद पुढे ओढला. "पाच नखं असली तर ड्रॅगन बादशहाचा, चार असली तर इतरांचा. तुम्हीच शिकवलंत."

"बरोबर."

"म्हणजे ही बरणी साधी. एखाद्या जाणकाराने हिच्यापायी माणूस मारावा, अशी नव्हे. चोरही हिच्यासाठी येणार नाही. उरला हा, आणि याच्या पाठीवरचे वळ." त्या मोठ्याने म्हणत लिहू लागल्या. "चार नखं. सामान्य प्रतीचं भांडं."

पुतण्या हुंदके देऊ लागला. हवालदाराने बेडी पुढे केली.

सर त्या कागदाकडे पाहत होते. दोन ओळी झाल्या, तीन झाल्या. बाई सही करायला वाकल्या.

"चुकलं," सर म्हणाले. वर्गात म्हणायचे तसंच, आवाज न चढवता. "खोड ते. नखं पाचच होती. राजवाड्यातलं भांडं बाहेर द्यायचं झालं की पाचवं नख घासून टाकत. म्हणून घाईने मोजणाऱ्याला चार दिसतात. बोट फिरवून पाहायचं असतं. कडेच्या नखाच्या जागी झिलई नाही, खरखरीत लागतं. त्या गाढवाने बोटसुद्धा फिरवलं नाही. निदान तू तरी अशी चूक करू नयेस."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"लागतं खरं खरखरीत," त्या म्हणाल्या. "पण सर, तो तुकडा या पेटीत कधी नव्हताच. काल डॉक्टरांनी तो म्हाताऱ्याच्या गळ्यातून काढला."