गुणवंतरावांची टेस्टिंग

आलापल्लीजवळच्या राईस मिलमध्ये मोटरला वेग कमी-जास्त करणारा नवा ड्राइव्ह बसला आणि त्या दिवसापासून मोटरला हात लागला की तिथं कामाला असलेल्या रंभाबाईच्या बोटांना झिणझिण्या येऊ लागल्या. "भाऊ, अर्थिंग तपासून घ्या, कोणाचा तरी जीव जाईन," असं तिनं मालकाला, गुणवंतरावांना, तीनदा सांगितलं. वायरमन खुशाल मीटर घेऊन आला, तर त्यालाही त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

"टेस्टिंग मी करतो ना!" म्हणत गुणवंतराव चपला फटफटवत आले आणि लाडक्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा चालू मोटरवर हात ठेवला. "पाहा. मले तं काहीच नाई होऊन राह्यलं. तुमचेच हात नाजूक."

तांदळावर पाय पडतो म्हणून दाराशीच चपला काढून आलेल्या बाया आपल्या अनवाणी पायांकडे बघत पुन्हा कामाला लागल्या.

दसऱ्याला मोटरच्या गळ्यात झेंडूची माळ पडली. पूजेला चप्पल कशी चालेल? गुणवंतराव अनवाणी पायांनी ओल्या फरशीवर उभे राहिले, गुरगुरत्या मोटरला कुंकवाचं बोट टेकवलं आणि "माय वं!" करून असे उडाले, की ताटातलं सगळं कुंकू त्यांच्याच टकलावर सांडलं.

रंभाबाईनं दारातून त्यांच्या जाड रबराच्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या. "घाला भाऊ, मंग काहीच नाई होत. आन् आमच्यासाठी खुशालले फोन लावा."