बिनफळाचं झाड

"हे काय कामाचं?" सिरिनोने बुंध्यावर बूट टेकवला. "बघ कसं माजलंय. आणि मागच्या तोडणीला याच्यावर एक पिस्ता नव्हता. नेद्दू, हेच आधी पाड."

नेद्दूने करवत खांद्यावरून उतरवली, पण सुरू केली नाही. त्याने बांधावर उभ्या असलेल्या वेनेराकडे पाहिलं.

वेनेरा ही सिरिनोची सावत्र बहीण. बांधाच्या वरची ही बाग तिने जन्मभर राखली. एटना ज्वालामुखीच्या उतारावरची आमची झाडं ती. काळ्या खडकाच्या फटीत मुळं घालून उभी असतात, तिथे कुदळ चालत नाही आणि माणूस चालला तर ठेचकाळत चालतो. वडील गेले, आणि दुसऱ्या बायकोचा हा मुलगा, समुद्राकाठी आजोळच्या लिंबांत वाढलेला, वकील घेऊन वर आला. बाग आपल्या नावावर करून घेतली. घेताना बहिणीला एका शब्दाने विचारलं नाही. तिला बांधाखालची चिंचोळी पट्टी सोडली, तीही उपकार केल्यासारखी.

आता पिस्त्याचं गणित आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. यात नर वेगळा, मादी वेगळी. नराला फळ धरत नाही. वसंतात त्याची पिवळी धूळ वाऱ्यावर उडते, ती लागली तरच बाकीच्यांच्या कवचात दाणा भरतो. सिरिनोने बूट टेकवला होता तो नर होता, आणि वरच्या-खालच्या दोन्ही बागांना मिळून तेवढा एकच होता. लिंबूवाल्याला हे कुठून कळणार? लिंबाचं प्रत्येक झाड आपलं आपण फळतं. न फळता जोरात वाढणारी फांदी दिसली की छाटायची, हेच तो लहानपणापासून शिकलेला.

"साहेब, हे झाड जरा..." नेद्दू म्हणाला.

"जरा काय? तुला झाडं पाडायला आणलंय की शहाणपण शिकवायला?"

नेद्दूचा चेहरा पडला. तो पुन्हा बांधाकडे वळला. "मावशी, पाडू?"

वेनेराने शाल घट्ट ओढून घेतली. एक शब्द पुरेसा होता. तो तिच्या ओठांवर आलाही, कारण हे झाड तिच्या आज्याने कलम केलेलं होतं. मग तिला भावाचा तो बूट दिसला.

"मला काय विचारतोस? मालक तो आहे. पाड."

करवत घुरघुरली. सिरिनो खुशीत येऊन बहिणीजवळ उभा राहिला आणि आवाजावर आवाज चढवून बोलू लागला. "तुम्ही लोकांनी झाडांना लाडावून ठेवलंय, ताई. एक वर्ष फळायचं, एक वर्ष झोपायचं, ही काय रीत झाली? लिंबाचं मी भर उन्हाळ्यात पाणी तोडतो. पानं वळतात, झाड मरायला टेकतं, तेव्हा एकदम पाट सोडतो. घाबरून फुलतं बघ. मग पुढच्या ऐन उन्हाळ्यात, दुसऱ्या कुणाकडे लिंबू नसतं तेव्हा, माझ्याकडे असतं. इथेही पाइप टाकणार आहे. खत, पाणी, छाटणी. हे झोपणं बंद करतो."

"यंदा झोपायचंच वर्ष आहे," वेनेरा म्हणाली. "पीक पुढच्या वर्षी."

हे अगदी खरं होतं. म्हणजे यंदा झाडं रिकामी राहिली तरी त्याला काही वावगं वाटणार नव्हतं.

झाड कलंडलं, खडकावर आपटलं. वेनेराला आज्याची आठवण होऊन वाईट वाटलं आणि लगेच काळजाला गारवाही वाटला. दोन्ही एकदम होतं, हे तिला माहीत नव्हतं.

"पुढच्या वर्षी तोडणीला तूही ये," सिरिनो निघताना म्हणाला. "रोजावर घेईन तुला. तुझा हात चांगला चालतो."

"येईन की," वेनेरा म्हणाली. "नक्की येईन."

त्याची गाडी वळणाआड गेली तशी नेद्दूने करवत खाली ठेवली.

"मावशी, तू बोलली असतीस तर वाचलं असतं."

"त्याने विचारलं का मला?"

"अगं, पण तुझी खालची झाडं? तीही याच्याच वाऱ्यावर होती ना?"

"माहीत आहे मला."

"नवा नर लावलास तरी त्याला फुलायला किती वर्षं जातील. पुढच्या वर्षी घोस लागतील लालबुंद, आणि फोडावं तर आत पोकळ. त्याचेही आणि तुझेही."

"माझेही पोकळ निघायलाच हवेत. नाहीतर त्याला संशय येईल. मग तो येईल माझ्या दारात. ताई, हे असं कसं झालं म्हणून विचारेल. जन्मात पहिल्यांदा विचारेल मला."

"मग काय सांगशील?"

"सांगेन, तुझ्या लिंबांना विचार."

नेद्दूला हसू आलं नाही. तो पडलेल्या झाडाकडे पाहत राहिला, मग बांधाखालच्या तिच्या निष्पर्ण झाडांकडे. तिच्या घरात दुसरी मिळकत नव्हती, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"आणि तोवर खाशील काय?"

वेनेरा उतरणीला लागली होती. मागे न बघताच म्हणाली, "राग आहे ना घरात. पुरेल."