कालवणाचे मासे

दवाखान्याच्या खिडकीच्या गजाला बांधलेला रबरी पट्टा हर्षदने दोन्ही हातांत धरला आणि दाराकडे पाहिलं. बोटीचा प्रमुख, महिपत तांडेल आला होता, हातात पिशवी घेऊन. उद्या पहाटे त्याची मासेमारीची बोट मिरकरवाडा बंदरातून सुटणार होती. हर्षदला परत घ्यायचं, की त्याच्या जागी आलेला खलाशीच कायम ठेवायचा, ते आज बघून सांगतो, असं तो म्हणाला होता.

"दहा वेळा ओढायचं आणि बसायचं," व्यायाम शिकवणाऱ्या मृणाली मॅडम म्हणाल्या. "मागच्या वेळी जास्त केलंत, आठवडाभर अंथरुणात होतात. आठवतंय ना?"

हर्षदने मान हलवली. त्याला कोरोना होऊन गेल्याला आठ महिने झाले होते, तरी घरचा जिना चढताना त्याला भिंत धरावी लागत होती.

तो ओढू लागला. आठ, नऊ, दहा.

"बास. बसा आता."

तो बसला नाही. जाळं ओढताना कोणी मोजत नाही आणि मधेच हात सोडत नाही. एकाने सोडला की बाकीच्यांचे तळहात सोलवटतात. हे महिपतनेच त्याला शिकवलं होतं, आणि महिपत बघत होता. अकरा. बारा. मूर्खपणाच होता तो. पण बसला असता तर काय दिसलं असतं? दहा वेळा रबर ओढून खाली बसणारा खलाशी.

सतराव्याला त्याचे गुडघे गेले. पट्टा फट्कन गजावर आपटला. मॅडमनी त्याला भिंतीला टेकवलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि आकडा बघून रागवायचंही विसरल्या.

"तांडेल," हर्षद धापा टाकत म्हणाला, "सतरा झाले. बगितलात ना?"

"बगितलं रे. आराम कर. घाई काय हाय?"

घाई काय हाय! बोट तर पहाटे सुटणार होती.

महिपतने पिशवी त्याच्याशेजारी ठेवली. आत चार बांगडे होते, कालवणापुरते. बोट बंदराला लागली की खलाशी आपल्या वाट्याचे कालवणाचे मासे आपल्या हाताने उचलतो. दुसऱ्याने नेऊन द्यायचे ते आजाऱ्याला नाहीतर विधवेला. हर्षदनेही कितीदा नेऊन दिले होते.

"परत न्या ही," तो म्हणाला. "माझे मासे मी बंदरावर येऊन उचलीन."

महिपतने चपला पायांत सरकवल्या आणि पिशवी तिथेच ठेवून तो जिना उतरला.

मग हर्षदच्या लक्षात आलं. महिपत दारात आला तेव्हाच पिशवी त्याच्या हातात होती.