सेकंदाचा लाखावा भाग

राजुरीच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीचा निकाल हातातल्या घड्याळावर लागायचा आणि त्यावरून दरवर्षी डोकी फुटायची. गावातला डॉक्टर यात्रेची वर्गणी सगळ्यात आधी द्यायचा.

यंदा मात्र कमिटीचे अध्यक्ष धर्माजी हट्टाला पेटले होते. त्यांच्या चार बैलांच्या गाड्याच्या पुढच्या जोडीत एक बैल त्यांचा होता आणि दुसरा त्यांच्या लेकीच्या सासऱ्यांचा, बेल्ह्याच्या गेनूभाऊंचा. नव्या सोयरिकीत भांडण नको.

दुकानदार पारसशेठने टेबलावर तीन यंत्रं मांडली. पहिलं सेकंदाचा शंभरावा भाग मोजायचं, दुसरं हजारावा.

"आन् ह्ये तिसरं?"

"हे लाखावा भाग मोजतं, धर्माजीभाऊ. याला दोन तारा. एक सुरुवातीच्या रेघेवर लावायची, दुसरी शेवटच्या. दोन्हींत किती फरक पडला तो आकडा इथं दिसतो."

"मंग ह्येच द्या राव. भांडणाला फटच ऱ्हायला नको."

आणि खरंच, यात्रेत ब्र निघाला नाही. धर्माजींचा गाडा पहिला आला. हरलेल्यांनीही आकडा बघून माना डोलावल्या. डॉक्टर दवाखाना बंद करून गुलाल खेळायला आला.

गेनूभाऊ तेवढे यंत्रापुढून हलेनात. शेवटी त्यांनी यंत्र लावायला आलेल्या पारसशेठला हळूच बाजूला घेतलं.



"शेठ, पुढल्या वर्षी दोन्ही तारा शेवटच्या रेघेवरच लावा. एक आमच्या बैलापुढं, एक व्याह्यांच्या."