पाण्याखाली जाण्याचा फॉर्म

फाउंडेशन बॅच, शेवटच्या चाळीस जागा.

पोहता येत नसलं तरी चालतं, मॅडम.

आज चटणीत मीठ जास्त पडलंय.

फुप्फुस कधी दबलं होतं का? हो किंवा नाही.

आज बुक केलं तर पाण्याखालचा व्हिडिओ फुकट.

हे सगळं एका दुपारचं. लातूरच्या एका क्लासचा प्रवेश-काउंटर. काउंटरवर सिंधु, समोर स्टुलावर डबा घेऊन आलेला तिचा नवरा बसवराज. तो लाइनमन आहे. अंदमानची तिकिटं हैदराबादहून काढून झाली होती, अकरा दिवसांनंतरची. समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता. पाठीला हवेची टाकी लावून पाण्याखाली कुणाबरोबर उतरायचं, एवढंच ठरायचं होतं; तिथं नेणारे तिघं मोबाइलवर सापडले होते.

पहिल्याला सिंधुनं फोन लावला. तो म्हणाला, जागा भरत आल्यात. तिनं फोन ठेवला. हे वाक्य ती स्वतः दिवसातून तीसदा बोलते.

दुसऱ्याच्या पानावर माशांच्या गर्दीत हसणारं एक जोडपं होतं. तेच जोडपं पहिल्याच्या पानावरही होतं. गेल्या वर्षी सिंधुच्या क्लासच्या फ्लेक्सवरचा पोरगा चौकापलीकडच्या क्लासच्या फ्लेक्सवरही असाच हसत होता. तो फोटो तिकडं सिंधुनंच पाठवला होता.

तिसरी बाई होती. घसा बसलेला, हिंदी बंगाली वळणाची. ती जागांबद्दल बोलली नाही, व्हिडिओबद्दलही नाही. वय विचारलं, कानाचं विचारलं, आणि फॉर्म पाठवला. आधी हा भरा, म्हणाली, मग बोलू.

उदगीरचे एक पालक वसतिगृहाचं विचारून गेले. तेवढ्यात बसवराजनं मोबाइल ओढून घेतला. बारा प्रश्न, हिंदीत.

"सगळ्याला 'नाही' लिवलं की पास," तो म्हणाला. "सोपा पेपर हाय."

सराव झालेल्या पोरासारखा त्याचा अंगठा चालला. नाही, नाही, नाही. सातव्या प्रश्नावरही तो थांबला नाही. सिंधु त्याच्या अंगठ्याकडंच बघत होती.

सातवा प्रश्न फुप्फुसाचा होता.

बसवराजच्या शर्टाच्या आत, उजव्या काखेखाली, रुपयाएवढी खूण आहे. त्र्याण्णवच्या भूकंपात छातीवर घराच्या माळवदाचं लाकूड पडलं, सोलापूरच्या दवाखान्यात तिथून नळी घातली. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

"सातवा चुकलाय तुमचा."

"चुकला न्हाई. पंचवीस वर्षं झाली त्याला. रोज खांबावर चढतो की."

"खांब वर असतो."

त्यानं डब्याचं झाकण उघडलं, बंद केलं. ओळखीच्या डॉक्टरकडून सर्टिफिकेट आणतो म्हणाला. सिंधुनं त्याच्यासमोरच त्या बाईला फोन लावला आणि नळीचं, सर्टिफिकेटचं सांगितलं. मग बाई सावकाश बोलली. खाली भरलेली हवा वर येताना फुगते. एकदा दबलेलं फुप्फुस फाटू शकतं, आणि फाटलं तर होडीवर आणेपर्यंत माणूस राहत नाही. सर्टिफिकेट कुणाचंही आणा, मी त्यांना नेणार नाही. तुम्हाला नेईन. आणि दुसऱ्या कुणाबरोबरही त्यांना उतरू देऊ नका, न विचारता नेणारे इथं पुष्कळ आहेत.

सिंधुनं शब्द न् शब्द सांगितला.

"पयल्यानं विचारलं न्हाई," बसवराज म्हणाला.

ते खरं होतं. पहिल्याचा मेसेज येऊन पडला होता. दोघांचं बुकिंग, खाली निळी लिंक. एक बोट लावायचं काम.

घंटा झाली. फिजिक्सची बॅच सुटली आणि पोरं काउंटरला घासून, दप्तरं आपटत, उत्तरं ताडून बघत निघून गेली. बसवराज पॅसेज रिकामा होईपर्यंत थांबला. मग हळू बोलला.

"म्या एकदा खाली गेलो ते माझ्या मर्जीनं न्हाई, सिंधु. झोपेत गेलो. एकदा मर्जीनं जायचं हाय. आन मर्जीनं वर यायचं."

सिंधुनं माहितीपत्रकांचा गठ्ठा सरळ केला. पुन्हा वाकडा केला. पेनाचं टोपण काढलं, लावलं. रोज या खुर्चीत बसून ती अनोळखी माणसांना सांगते, काळजी करू नका, होऊन जाईल. जीभ आपोआप वळत होती. तिनं ती दाताखाली धरली.

मग तिनं मोबाइल त्याच्या हातातून काढून घेतला. सातव्यासमोर 'हो' केलं. दुसरा फॉर्म उघडून स्वतःचं नाव टाकलं. पाण्याची भीती वाटते का? हो. इथंही तिनं खरं तेच लिहिलं. दोन्ही पाठवले. पहिल्याचा मेसेज पुसून टाकला.

त्या बाईचं उत्तर लगेच आलं. एक जण पाण्यात, एक जण होडीत. भीतीचं मी बघते.

बसवराजनं ते वाचलं. डब्याची ताटली उलटी बसवली, त्यामुळं झाकण लागेना. तो दाबत राहिला.

"किती वेळ असतीस खाली?"

"पंचवीस मिनिटं, म्हणाली."

"पंचवीस मिनिटं म्या वर बसून करू काय?"

"मी वर येते का ते बघायचं."

तो हसला नाही. झाकण काढून त्यानं ताटली सुलटी केली.

त्र्याण्णवच्या तीस सप्टेंबरला, दुपारी दोन वाजता, बसवराज खाली असताना, ढिगाऱ्यावर कान लावून बसलेला माणूस मुरुडचा एक टेम्पोवाला होता. त्याचं नाव कुणी विचारलं नाही.